पाठमोऱ्या खेळाचे नियम : नौकास्पर्धेतील सुरक्षितता, न्याय आणि संकेत

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या थोड्या खेळांत स्पर्धक आपल्या गतीच्या दिशेकडे पाठ करून पुढे जातो, त्यांत वल्ह्यांच्या शर्यतीचा समावेश होतो. वल्हेकरी नौकेच्या पिछाडीकडे तोंड करून बसतो. ओलांडलेले पाणी त्याला दिसते, यावयाचे पाणी दिसत नाही. आठ वल्हेकऱ्यांची नौका साडेसतरा मीटरच्या आसपास लांब असते आणि वरच्या दर्जाच्या शर्यतीत ती सेकंदाला सुमारे ६ मीटर अंतर कापते. मान वळवून पाहण्यात दोन सेकंद गेले, तर तेवढ्यात नौका १२ मीटर पुढे गेलेली असते. तिला थांबविण्याचे साधन एकच : सर्वांनी एकाच क्षणी वल्ह्यांची पाती पाण्यात उभी धरणे. हे 'एकाच क्षणी' साधावयाचे तर कोणीतरी पाहिले पाहिजे, कोणीतरी सांगितले पाहिजे, आणि सांगितलेल्याचा अर्थ सर्वांनी एकच घेतला पाहिजे.

या खेळाचे नियम वरवर चाळणाऱ्यास ते मोजमापांची आणि निषेधांची कोरडी यादी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांच्या मुळाशी जी गरज आहे ती वरीलप्रमाणे संकेताची, म्हणजेच एका अर्थाने भाषेची आहे. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी नियम हेच डोळे होत. या दृष्टीने त्या नियमांची रचना तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दोन प्रकारचे नियम आणि एक लहानसा चेंडू

आंतरराष्ट्रीय नौकानयन महासंघाची स्थापना १८९२ मध्ये इटलीतील तुरिन येथे झाली. 'वर्ल्ड रोइंग' या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे नियम जगभरच्या स्पर्धांना आधारभूत ठरले आहेत. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये नियमांचे जे दोन वर्ग विशद केले, ते येथे उपयोगी पडतात. काही नियम आधीपासून चालू असलेल्या व्यवहाराचे नियमन करतात. काही नियम तो व्यवहारच निर्माण करतात. शर्यत चालू असताना इतर नौकांनी मार्ग ओलांडू नये, हा पहिल्या वर्गातील नियम होय. नियम नसता तरी नौका ओलांडल्या गेल्याच असत्या, फक्त धोका वाढला असता. याउलट नौकेचे अग्र अंतिम रेषेस पोहोचले म्हणजे शर्यत पूर्ण झाली, हा नियम दुसऱ्या वर्गातील आहे. तो नसता तर 'जिंकणे' या शब्दाला अर्थच उरला नसता.

सामान्यतः सुरक्षिततेचे नियम पहिल्या वर्गात आणि न्यायाचे नियम दुसऱ्या वर्गात घालण्याकडे कल असतो. ही विभागणी नौकास्पर्धेत टिकत नाही, आणि त्याचा पुरावा नौकेच्या टोकावरच बसविलेला असतो. प्रत्येक नौकेच्या अग्रावर किमान ४ सेंटिमीटर व्यासाचा, रबराचा किंवा तत्सम पदार्थाचा पांढरा चेंडू घट्ट बसविणे बंधनकारक आहे. नौकेचे अग्र भाल्याच्या फाळासारखे निमुळते असते. टक्कर झाली तर पाठमोऱ्या वल्हेकऱ्याच्या पाठीत ते घुसू शकते. चेंडू त्या फाळाला बोथट करतो. परंतु तोच पांढरा चेंडू अंतिम रेषेवरील छायाचित्रात नौकेचे टोक नेमके कोठे आहे हेही दाखवितो. एक वस्तू, दोन प्रयोजने : प्राण राखणे आणि निकाल ठरविणे. सुरक्षितता ही खेळाला बाहेरून लावलेली पुरवणी नसून ती खेळाच्या घडणीतच विणलेली आहे, असे यावरून म्हणावे लागेल.

३. नौकेविषयीचे नियम : बोलण्यास अवसर नसेल तेव्हा

संकेत देण्यास वेळच मिळणार नाही असेही प्रसंग असतात. त्यांच्यासाठी नियमाची रचना वस्तूतच केलेली असते. वल्हेकऱ्याचे बूट नौकेला जखडलेले असतात. नौका उलटल्यास पाय अडकून माणूस पाण्याखाली राहू नये म्हणून, हाताचा उपयोग न करता पाय त्वरित सुटला पाहिजे असा दंडक आहे. त्यासाठी टाचेचा भाग अशा रीतीने बांधलेला असतो की, टाच काही मर्यादेपर्यंतच उचलली जाते आणि मग पाय आपोआप बाहेर येतो. जेथे नाड्या किंवा पट्टे आवश्यक असतात, तेथे ते हाताच्या एकाच हिसक्याने सुटले पाहिजेत.

सुकाणू सांभाळणारा कॉक्स काही नौकांत पुढच्या टोकाशी आडवा पडलेला असतो. त्याच्या जागेचे तोंड किमान ७० सेंटिमीटर लांब असावे आणि त्यापैकी किमान ५० सेंटिमीटर भागात ते नौकेच्या रुंदीइतके असावे, असा नियम आहे. याच संदर्भात ब्रिटनमधील सूचनांतील एक बारकावा लक्षणीय आहे. अशा पुढे पडून राहणाऱ्या कॉक्सने पाण्याच्या स्पर्शाने आपोआप फुगणारे जीवरक्षक जाकीट घालू नये, असे तेथे बजावले जाते. कारण उघड आहे. जाकीट आतल्या आतच फुगले तर ते त्याला वाचविण्याऐवजी त्या अरुंद पोकळीत अडकवून ठेवील. म्हणजे 'जाकीट घालावे' हा सामान्य नियम आणि 'अमुक प्रकारचे घालू नये' हा त्याचा अपवाद, दोन्ही एकाच प्रयोजनातून निघालेले आहेत. उत्सर्ग आणि अपवाद यांचा हा संबंध पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकांना परिचितच आहे.

नौकेच्या तरणशक्तीविषयीचा नियमही असाच. पाण्याने पूर्ण भरलेल्या नौकेत चमू बसलेला असता आसनाचा वरचा पृष्ठभाग पाण्याखाली ५ सेंटिमीटरहून अधिक जाता कामा नये. २९ डिसेंबर २००० रोजी स्पेनमधील एब्रो नदीवर सरावाच्या वेळी नौकेत पाणी भरून ऑक्सफर्डच्या एका तरुण वल्हेकऱ्यास प्राण गमवावे लागले. त्यानंतर नौकांच्या तरणशक्तीचा प्रश्न ब्रिटनमध्ये आग्रहाने मांडला गेला. नौका उलटली तर तिला धरून राहावे, पोहत काठ गाठण्याचा प्रयत्न करू नये, ही सूचना प्रत्येक नवशिक्यास दिली जाते. भरलेली नौका तरंगत राहिली तरच त्या सूचनेस अर्थ राहतो. शब्दातील नियम आणि वस्तूतील नियम परस्परांवर असे अवलंबून असतात.

४. पाण्यावरील वाहतूक

स्पर्धेच्या दिवशी धोका शर्यतीच्या मार्गात जेवढा असतो, त्याहून अधिक तो शर्यतीकडे जाणाऱ्या आणि शर्यतीहून परतणाऱ्या नौकांच्या गर्दीत संभवतो. यास्तव आयोजक वाहतुकीचा नकाशा आधी प्रसिद्ध करतात. जाण्याची बाजू आणि येण्याची बाजू निश्चित केलेली असते. चालू शर्यतीच्या पाठोपाठ, बोयांच्या बाहेरूनसुद्धा, दुसऱ्या नौकेने वल्हवीत जाऊ नये असाही निर्बंध असतो.

येथे मीमांसकांच्या 'नियमविधी'ची आठवण होते. धान्याचा कोंडा कांडून काढता येतो, तसा नखांनी सोलूनही काढता येतो. अशा वेळी 'कांडूनच काढावा' असे सांगणारा विधी अनेक शक्य उपायांपैकी एकच पक्का करतो. नदीच्या उजव्या बाजूने जाणे हे स्वभावतः डाव्या बाजूने जाण्याहून अधिक सुरक्षित नाही. सर्वांनी एकच बाजू धरणे मात्र सुरक्षित आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असूनही समाजावर बंधनकारक असतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना या नियमाचे बळ कशात आहे हे वेगळे सांगावयास नको. 'आमच्या नदीवर आम्ही दुसऱ्या बाजूने जातो' ही सबब म्हणूनच चालत नाही.

५. आरंभाची भाषा

आंतरराष्ट्रीय शर्यतींचा आरंभ पूर्वी फ्रेंच वाक्यांनी होत असे : 'एत व्हू प्रे? पार्ते!' म्हणजे 'तयार आहात काय? निघा!' यातील पहिले वाक्य रूपाने प्रश्न असले तरी त्याला तोंडी उत्तराची अपेक्षा नव्हती; कार्याने ती पूर्वसूचना होती. आज चमूंच्या नावांचा पुकारा झाल्यावर 'अटेन्शन' असे म्हटले जाते, तांबडा दिवा लागतो, स्पष्ट विराम घेतला जातो, आणि हिरवा दिवा व ध्वनी एकदमच येतात. प्रश्नाचे रूप गेले, पूर्वसूचनेचे कार्य राहिले. मधल्या विरामाची लांबी निश्चित नसते. ती ठाऊक असती तर स्पर्धक संकेत ऐकण्याऐवजी तो मोजू लागले असते. संकेतापूर्वी निघणाऱ्या चमूस पिवळे पत्रक मिळते. त्याच शर्यतीत अशी दुसरी चूक झाल्यास तो चमू बाद होतो.

ध्वनिवर्धकांची योजनाही विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येकी १३.५ मीटर रुंदीच्या सहा मार्गिका धरल्यास पहिल्या आणि सहाव्या नौकेत ६७.५ मीटर अंतर पडते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने, एका टोकाशी उच्चारलेला शब्द दुसऱ्या टोकास सुमारे एक पंचमांश सेकंद उशिरा पोहोचेल. जेथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागांत लागतो, तेथे एवढा विलंब अन्यायच ठरेल.

६. एक हात, अनेक अर्थ

आरंभानंतर स्पर्धकाजवळ बोलण्याचे साधन जवळजवळ उरत नाही. उरतो तो वर केलेला हात. स्थानिक शर्यतींत आरंभापूर्वी हात वर असल्यास 'आम्ही तयार नाही' असा त्याचा अर्थ होतो. पहिल्या १०० मीटरांच्या आत वल्हे किंवा नौकेचा भाग मोडून हात वर केला, तर पंच शर्यत थांबवू शकतात. शर्यत संपल्याबरोबर वर केलेला हात म्हणजे आक्षेप. भर्तृहरीने अर्थनिश्चयाच्या साधनांत प्रकरण, देश आणि काल यांची गणना केली आहे. येथे खूण तीच राहून केवळ स्थळकाळाने अर्थ पालटतो. आक्षेप नसल्यास पंच पांढरे निशाण वर करतात, असल्यास तांबडे. घरी जाऊन सुचलेल्या आक्षेपास मात्र मान नाही, कारण त्याचा काळ निघून गेलेला असतो.

पंचांची भाषाही अशीच मोजकी आहे. चमूला दिशा दाखविणे हे त्यांचे नित्याचे काम नव्हे; अडथळा किंवा अपघात संभवत असेल तेव्हाच ते पांढरे निशाण उचलून चमूचे नाव पुकारतात आणि निशाण ज्या बाजूस वळावयाचे तिकडे झुकवितात. तांबडे निशाण आणि 'थांबा' हा आदेश सर्वांवर बंधनकारक असतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या ७ एप्रिल २०१२ च्या शर्यतीत या अधिकाराच्या दोन्ही बाजू दिसून आल्या. मार्गात एक मनुष्य पोहत आल्याचे दिसताच पंचांनी शर्यत थांबविली आणि ती पुढे पुन्हा सुरू केली. पुनरारंभानंतर थोड्याच वेळात वल्ह्यांची टक्कर होऊन ऑक्सफर्डचे एक पाते तुटले. परंतु दोष त्याच चमूच्या सुकाणूचा आहे असे ठरवून पंचांनी शर्यत चालू ठेवली, आणि केंब्रिज विजयी झाले. जिवाला धोका असता थांबणे आणि स्वदोषाने हानी झाली असता न थांबणे, हे दोन्ही निर्णय एकाच नियमावलीचे होत.

७. मराठी स्पर्धकांच्या संदर्भात

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रेगाट्याची परंपरा १९२८ पासूनची आहे. लष्कराच्या नौकानयन केंद्रामुळेही पुणे या खेळाचे मोठे केंद्र झाले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावातून आलेले दत्तू भोकनळ लष्करात दाखल झाल्यावर वल्हे धरावयास शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेरावे आले. नौकेवर उच्चारले जाणारे आदेश अशा स्पर्धकांच्या मातृभाषेतील नसतात. त्याने फारसे बिघडतही नाही. वल्हवणे थांबविण्यासाठी ब्रिटनमध्ये 'ईझी' आणि अमेरिकेत 'वे इनफ' म्हणतात. इंग्रजी ही मातृभाषा असूनही एका देशाचा वल्हेकरी दुसऱ्या देशात प्रथम गोंधळतोच. आदेशाचा शब्द स्वभाषेतला असण्यापेक्षा तो ठरलेला, आखूड आणि दुसऱ्या कोणत्याही आदेशाशी न मिसळणारा असणे अगत्याचे आहे.

नियमांचे विवरण ही मात्र वेगळी गोष्ट आहे. बूट हातावाचून का सुटले पाहिजेत, नौका उलटल्यावर ती का सोडू नये, जाण्याची बाजू का बदलू नये, ही कारणे ज्याला आपल्या भाषेत समजली नाहीत, त्याच्या हाती केवळ पाठ केलेली सूचना राहते. आणि पाठ केलेली सूचना भीतीच्या क्षणी सर्वांत आधी विसरली जाते. शर्यतीपूर्वीच्या सभेत इंग्रजी पत्रक वाचून दाखविले म्हणजे आयोजकांचे कर्तव्य संपते, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. आदेश परभाषेतील चालतील. कारणे स्वभाषेतच सांगितली पाहिजेत. मराठीत वल्हे, सुकाणू, पाते, पिछाडी असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत. त्यांच्या आधाराने स्पर्धकांसाठी एक छोटी, अचूक नियमपुस्तिका तयार करणे भाषाभ्यासक आणि क्रीडाशिक्षक यांना मिळून सहज शक्य आहे, आणि ते काम पुढील मोसमापूर्वी हाती घेण्यासारखे आहे.