पातेल्यातले त्रैराशिक

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी काही कुटुंबे स्वयंपाकघरालाच प्रयोगशाळा मानतात. दोन-तीन दिवस पुरेल एवढा भात, वरण किंवा उसळ मुलांच्या मदतीने एकदम शिजवली जाते. शाळेतही हे करता येईल. कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या 'नई तालीम'चा तोच गाभा होता.

चार माणसांना २ वाट्या तांदूळ, तर बारा माणसांना किती? येथे त्रैराशिक चालते. उत्तर ६ वाट्या. पाण्याचे काय? तांदूळ शोषून घेतात ते पाणी तिप्पट लागेल. पण वाफ होऊन जाणारे पाणी पातेल्याचे तोंड, झाकण आणि शिजण्याचा वेळ यांवर ठरते. ते तिप्पट होत नाही. म्हणून सरसकट तिप्पट पाणी घातले की भात आसट होतो.

शिजलेला भात निवण्याच्या बाबतीत तर त्रैराशिक पुरतेच फसते. १ सेंमी बाजूचे २७ ठोकळे घ्या. सुटे ठेवले तर त्यांचे एकूण पृष्ठफळ १६२ चौ. सेंमी भरते. तेच रचून ३ सेंमी बाजूचा एक घन केला, तर पृष्ठफळ उरते ५४ चौ. सेंमी. घनफळ मात्र तेवढेच. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून. साहजिकच मोठ्या पातेल्यातला भात वरून निवला, तरी मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो.

हा कोमटपणा धोक्याचा आहे. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले, तर ते रुजून जिवाणू वाढू शकतात. त्यांचे उलटी घडवणारे विष भात पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. त्यामुळे 'नंतर उकळून घेऊ' हा भरवसा खोटा ठरतो. शिजलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून भात लगेच उथळ, लहान डब्यांत काढून शीतकपाटात ठेवावा. शीतकपाट नसेल, तर त्या वेळेपुरताच शिजवावा.

वर्गात हे पाहायचे तर १ लिटर गरम पाणी स्टीलच्या तांब्यात आणि तेवढेच पसरट पातेल्यात घ्यावे. पाणी शिक्षकांनीच ओतावे. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून मुलांनी आलेख काढावा. उघड्या भांड्यात बाष्पीभवनाचाही वाटा असतो, म्हणून झाकण ठेवून प्रयोग पुन्हा करावा. आलेख काढण्याआधी मुलांना अंदाज जरूर विचारावा. आम्हाला वाटते, चुकलेल्या अंदाजाचे कारण शोधतानाच गणित अंगवळणी पडते.