तोंडाची कोरड

घरातील एखादी वडीलधारी स्त्री घासागणिक पाण्याचे भांडे तोंडास लावू लागली, भाकरी तिच्या घशाखाली उतरेनाशी झाली, की 'उष्णता झाली असेल' किंवा 'वय झाले' असे म्हणून आपण मोकळे होतो. ह्या समजुतीपायी एक खरा रोग वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती घास भिजविते एवढेच नव्हे, तर दातांवरील आम्ल धुऊन काढते व जंतूंस आवर घालते. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटली, म्हणजे हे दोन्ही झरे आटू लागतात. स्वीडनमधील नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची हकीकत दिली. त्यांपैकी १३ जणींस संधिवातही होता. हा विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, व त्याही बहुधा मध्यम वयाच्या.

कोरड पडली म्हणजे खडीसाखर अथवा लिमलेटची गोळी तोंडात धरण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु लाळेवाचून साखर व आंबटपणा धुतला जात नाही, आणि दात हिरडीलगत झपाट्याने किडतात. त्यापेक्षा साध्या पाण्याचे घोट, साखरविरहित च्युइंगगम, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट व दंतवैद्याची वरचेवर भेट हाच मार्ग श्रेयस्कर. जाबोरंडी ह्या ब्राझीलमधील वनस्पतीपासून मिळणारे पायलोकार्पिन लाळ वाढविते. मात्र दम्याच्या व काचबिंदूच्या काही रोग्यांस ते अपायकारक असल्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये.

मधुमेहाने आणि कित्येक औषधांनीही तोंड कोरडे पडते, हे खरे. तथापि कोरड तीन महिने टिकली, डोळ्यांत वाळू खुपल्यासारखे वाटू लागले, सांधे दुखू लागले, तर रक्ताची तपासणी करून घ्यावी. कधी ओठाच्या आतील लहान ग्रंथीचा तुकडाही तपासावा लागतो. कानापुढील सूज ओसरत नसेल, तर मुळीच विलंब करू नये. क्वचित तिच्या मुळाशी लसिकाग्रंथींचा कर्करोग असतो. रोग समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप नाही. पण वेळीच निदान झाल्यास दात व डोळे पुष्कळ अंशी राखता येतात. घरातील स्त्रिया आपले दुखणे सहसा बोलून दाखवीत नाहीत. तेव्हा पानावरून अर्धपोटी उठणारीची विचारपूस इतरांनीच करावी.