घरच्या घरी घडवलेली झळाळी

रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, गायिका सुरात आहे, तबला जागेवर आहे, तरी मिक्स दबल्यासारखं वाटतं. घरच्या स्टुडिओत बसणाऱ्या कुणालाही ही तक्रार ओळखीची असते. मग हात आधी इक्वलायझरकडे जातो. वरची पट्टी चढवली की आवाज उघडतो खरा, पण माइकची सुरसुर आणि गाण्यातले ‘स’, ‘श’सुद्धा सोबत चढतात. इक्वलायझर जे आहे तेच कमी-जास्त करतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये दहा हजार हर्ट्झच्या वर काही नसेल, तर तिथली खुंटी कितीही पिळा, हाती खरखरच लागते.

एन्हान्सरचं काम वेगळं. तो जे नाही ते घालतो.

१९७०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या ॲफेक्स कंपनीने ‘ऑरल एक्सायटर’ नावाची पेटी आणली. सुरुवातीला ती विकत मिळत नसे. तयार गाण्याच्या दर मिनिटाला ३० डॉलर भाडं मोजून स्टुडिओवाले ती वापरत. आतली युक्ती मात्र सोपी होती. मूळ आवाजाचा एक फाटा काढायचा, त्यातला फक्त वरचा भाग गाळून घ्यायचा, तो मुद्दाम थोडा बिघडवायचा आणि मूळ आवाजात चवीपुरता मिसळायचा. या बिघाडातून नवे उपस्वर, म्हणजे हार्मोनिक्स, जन्माला येतात.

उपस्वरांनी आवाज उजळतो हे आपल्याकडे तंबोऱ्याने केव्हाच सिद्ध केलंय. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात, तारेखाली दोरा सरकवतात, आणि साधी तार झणझणू लागते. तार मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटू नयेत, असं जुनं शास्त्र सांगत होतं. तंबोऱ्यात ते उमटतात, याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१च्या सुमारास शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं.

तीसेक ओळींचं यंत्र

असा एन्हान्सर घरी प्लगिन म्हणून लिहायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे ‘रीपर’ या सॉफ्टवेअरमधली ‘जेएसएफएक्स’ भाषा. साधी मजकुराची फाइल लिहायची, सेव्ह करायची, की प्लगिन चालू. वर स्लायडरची नावं, खाली प्रत्येक सॅम्पलवर करायची आकडेमोड, एवढाच पसारा. रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० सॅम्पलचं असेल, तर सेकंदाला तितक्या वेळा ती आकडेमोड होते.

पहिली पायरी हायपास फिल्टर. ३,००० हर्ट्झच्या खालचं सगळं अडवायचं. दुसरी पायरी ड्राइव्ह, म्हणजे उरलेल्या आवाजाला एका आकड्याने गुणणं. तिसरी पायरी खरी किमया करते. सॅम्पलची किंमत आधी उणे एक ते एकच्या बाहेर जाऊ द्यायची नाही आणि मग तिच्यातून तिच्या घनाचा तिसरा हिस्सा वजा करायचा. या सूत्रात ५,००० हर्ट्झचा शुद्ध स्वर टाकला तर सोबत १५,००० हर्ट्झचा उमटतो. त्यात किमतीचा थोडा वर्गही मिळवला तर १०,००० चाही येतो आणि आवाजाला ऊब येते.

तीन खड्डे

वर्ग मिळवला की आवाजाची लाट शून्यापासून एका बाजूला सरकते. शिवाय ३,००० आणि ३,४०० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र आले तर त्यांच्यातल्या फरकाचा, ४०० हर्ट्झचा, गढूळ स्वर तयार होतो. दोन्हींवर उपाय एकच, बिघाडानंतर आणखी एक हायपास.

दुसरा खड्डा अधिक फसवा. ४४,१०० सॅम्पलमध्ये २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. ९,००० हर्ट्झचा तिसरा उपस्वर २७,००० वर जायला हवा, पण तो आदळून १७,१०० वर परततो. मूळ स्वराशी त्याचं काही नातं नसतं, म्हणून झांजा काचेसारख्या टोचू लागतात. व्यावसायिक प्लगिन यासाठी ओव्हरसॅम्पलिंग करतात, म्हणजे आकडेमोडीपुरते सॅम्पल वाढवून घेतात. घरगुती तोड म्हणजे बिघाडाआधी ७,००० हर्ट्झच्या वरचं अडवणारा लोपास फिल्टर लावायचा आणि ड्राइव्ह माफक ठेवायचा. ७,०००ची तिप्पट २१,०००, म्हणजे मर्यादेच्या आत. फिल्टरची उतरण हळू असल्याने थोडं निसटतं, पण खुपणारं बहुतेक जातं.

तिसरा खड्डा आपल्या कानातच आहे. जे मोठं ऐकू येतं ते चांगलं वाटतं. प्लगिन चालू केल्यावर अर्धा डेसिबल वाढला तरी आपण ‘वा!’ म्हणतो. म्हणून शेवटी आउटपुटचा एक स्लायडर हवाच. चालू आणि बंद अवस्थेतली पातळी सारखी करायची, मित्राला माऊस देऊन आपण पाठ फिरवायची आणि मग फरक ओळखायचा. पाठ फिरवूनही फरक आवडला तरच तो खरा.

बिघडवलेला आवाज मूळ आवाजात किती मिसळायचा हे ठरवताना स्लायडर परिणाम जाणवेपर्यंत चढवावा आणि तिथून थोडा मागे घ्यावा. गायिकेचे शब्द पुढे आले, पण प्लगिन लावलाय हे कळलं नाही, की थांबावं. तंबोऱ्याच्या ट्रॅकवर मात्र तो बंदच ठेवावा. तिथलं काम कारागिराने आधीच करून ठेवलेलं असतं.