दिवा पेटला, म्हणून लगेच पार्ट बदलू नका!

अमरावती-अकोला हायवेवर गाडी मस्त पळते. जून 2022 मध्ये याच पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबर पडलं अन् गिनेस विक्रम झाला. पण पावसाळ्यात शेताच्या पांदणीत वळा, मग कळतं! एक चाक काळ्या चिखलात गरगरतं, दुसरं ढिम्म. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. घसरणाऱ्या चाकाला जेवढा पुरतो, तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला.

बाबांच्या ट्रॅक्टरला यासाठी पायाखाली लॉकचं पेडल असतं. नव्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर बघतो. इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये क्लचच्या प्लेटा आवळून, तर थारसारख्या गाडीत गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून. दोन्हीकडे माहिती येते ती चाकांजवळच्या स्पीड सेन्सरकडून.

आता समजा, डॅशबोर्डवर दिवा पेटला. स्कॅनरवर ‘सी’ने सुरू होणारा, म्हणजे चेसिसचा कोड आला. गॅरेजवाला म्हणतो, “युनिट बदलावं लागते भाऊ.” थांबा! कोड फक्त तक्रार कुठून आली ते सांगतो, बिघाड शोधायचा असतो आपणच.

आधी बॅटरी मोजा. व्होल्टेज पडलं की भलतेच कोड येतात. मग टायर. एकाच चाकाला नवा टायर किंवा कमी हवा असेल तर त्याचा वेग वेगळा मोजला जातो, अन् कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय. सेन्सरवरचा वाळलेला चिखल धुवा, उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघा. मग मित्राला मोकळ्या, सरळ रस्त्यावर हळू गाडी चालवू द्या आणि तुम्ही स्कॅनरवर चारही चाकांचे आकडे बघा. एकच आकडा शून्यावर जातो? तर दोष त्या सेन्सरमध्ये, कनेक्टरमध्ये, वायरमध्ये किंवा आतल्या रिंगमध्ये. ‘यू’चा कोड असेल तर युनिट एकमेकांशी बोलत नाहीत, फ्यूज अन् वायरिंग आधी. हे सगळं ठीक निघालं, तरच डिफरन्शियलकडे वळा. तिथेही पहिला संशय तेलावर: क्लचवाल्यात चुकीचं तेल पडलं की आवळ वळणावर गाडी थरथरते.

एक मात्र करू नका. एकच चाक जॅकवर उचलून गिअर टाकायचा प्रयोग! जमिनीवरच्या चाकाला जोर मिळाला की गाडी जॅकवरून उडी घेते.

आणि स्वस्तातला ब्लूटूथ रीडर बरेचदा फक्त इंजिनाचे कोड वाचतो. त्यात काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पूर्ण स्कॅनर लावा, अन् कोड पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.