सरोवराने राखून ठेवलेली ऊब

डिसेंबर लागला तरी जाड कोट कपाटातच. रस्ते कोरडे, अंगणात बर्फाचा पत्ता नाही, दुपारी नुसत्या स्वेटरवर फिरता येते. अमेरिकेतील बफेलो शहरात हिवाळ्याची सुरुवात अशी झाली, की नवखे लोक सुखावतात. जुने रहिवासी मात्र शेजारच्या इरी सरोवराकडे पाहू लागतात. त्यांना ठाऊक असते, की या भागात किती हिम पडणार हे केवळ हवेच्या गारठ्यावर ठरत नाही. सरोवराचे पाणी किती उबदार राहिले आहे, यावरही ते ठरते.

२००१ चा हिवाळा याचे ठळक उदाहरण आहे. त्या वर्षी नोव्हेंबर उबदार गेला, डिसेंबरचे पहिले तीन आठवडेही सौम्य होते. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बफेलोत हिम पडले ते नावापुरतेच. मग थंड वारे आले आणि २४ ते २८ डिसेंबर या पाच दिवसांत शहरात जवळजवळ सात फूट हिम साचले.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. थंडीच्या पहाटे विहिरीचे पाणी हाताला कोमट लागते आणि नदीवरून वाफा निघताना दिसतात. जमीन आणि हवा लवकर गार होतात, पाणी मात्र उन्हाळ्याची ऊब बराच काळ धरून ठेवते. ग्रेट लेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच महासरोवरांवर हेच प्रचंड प्रमाणावर घडते. कॅनडाकडून आलेली कोरडी, अतिथंड हवा उबदार पाण्यावरून जाताना खालून तापते आणि बाष्प शोषून घेते. तापलेली हवा वर चढते, ढग बनतात आणि पलीकडचा किनारा गाठताच हिम कोसळू लागते. पाण्याचा पृष्ठभाग आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवा यांच्या तापमानात किमान १३ अंश सेल्सिअसचा फरक असला, की ही यंत्रणा जोमाने चालते, असा हवामानशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. पाणी जितके उबदार, तितका हा फरक गाठणे सोपे. म्हणजे सौम्य हिवाळा हिमाचे संकट टाळत नाही, त्यासाठीचे इंधन शिल्लक ठेवतो. ठिणगी पडते ती थंड लाट आल्यावर. ती आलीच नाही, तर हिमही पडत नाही.

वाऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. इरी सरोवर लांबट असून नैऋत्य-ईशान्य असे पसरलेले आहे आणि बफेलो त्याच्या पूर्व टोकाला आहे. वारा सरोवराच्या लांबीवरून वाहिला, तर हवेला जवळजवळ ४०० किलोमीटर पाण्यावरून प्रवास घडतो. त्यातून तयार होणारा हिमाचा पट्टा मात्र बऱ्याचदा जेमतेम १०-२० किलोमीटर रुंद असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक हिम साचले, तर शहराच्या उत्तर भागात काही इंचच. वारा थोडा सरकला, की पट्टाही सरकतो. त्यामुळे अमुक गावात किती हिम पडेल, हे फार आधी सांगता येत नाही.

या यंत्रणेला नैसर्गिक झाकणही आहे. इरी हे पाचही सरोवरांत सर्वांत उथळ, सरासरी खोली अवघी १९ मीटर. त्यामुळे कडक हिवाळ्यात ते बहुतांशी गोठते आणि बाष्पाचा पुरवठा तुटतो. पण १९७३ पासूनच्या नोंदींनुसार महासरोवरांवरील गोठणाचा कल, वर्षागणिक चढउतार धरूनही, घसरता आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात गोठलेले क्षेत्र जास्तीत जास्त १६ टक्क्यांच्या आसपासच गेले. एरवी हा कमाल आकडा सरासरी ५० टक्क्यांच्या वर असतो. झाकण उशिरा बसले, तर हिमवृष्टीचा काळ लांबतो. तापमान आणखी वाढत गेले, तर हेच बाष्प पुढे पावसाच्या रूपाने पडू लागेल.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सुमारे साडेसहा फूट हिम पडले, तेव्हा हिम हटवण्याच्या श्रमाने दोघांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात, नाताळच्या हिमवादळात, बफेलो परिसरात चाळीसहून अधिक लोक दगावले. कुणी मोटारीत अडकले, कुणी तापवण्याची सोय बंद पडलेल्या घरात, तर कुणापर्यंत रुग्णवाहिका पोहोचूच शकली नाही.

गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. त्यातच फावड्याने जड हिम उचलण्याचे अचानक श्रम हृदयाला झेपत नाहीत. म्हणून हिम उचलण्यापेक्षा ढकलावे, थोडे थोडे हटवावे, मध्ये विसावा घ्यावा. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर तत्काळ थांबून मदत मागवावी. हृदयविकार असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. मोटार अडकली, तर ती सोडून चालत निघू नये. तासाला सुमारे दहा मिनिटेच इंजिन चालवावे, त्याआधी धूर बाहेर सोडणारी नळी हिमाने बुजलेली नाही ना, हे पाहावे आणि खिडकी किंचित उघडी ठेवावी. नळी बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. या वायूला वास नसतो, त्यामुळे धोका कळतही नाही. सतत थरथर, अडखळते बोलणे आणि गोंधळलेपण ही शरीराचे तापमान धोकादायक खाली गेल्याची लक्षणे आहेत.

तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुले फोनवर ‘यंदा थंडीच नाही’ म्हणत असतील, तर ते खरेच असेल. पण मोटारीत ब्लँकेट, पाणी, खाऊ, बॅटरी आणि फावडे ठेवायला, नेहमीची औषधे भरून ठेवायला हेच कोरडे दिवस सोयीचे असतात. सरोवर गोठेपर्यंत स्थानिक हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा.