पस्तीस वर्षांची अळीमिळी

इंग्लंडमधल्या विंचेस्टर शहराबाहेर एका घराच्या मागच्या बागेत लाकडी शेड होती. कुदळ-फावडी ठेवायला असते तशीच. फक्त आतला आवाज बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था तिच्यात मुद्दाम करून घेतलेली होती. घर जॉन स्माइथ यांचं. हे लंडनच्या न्यायालयांत गाजलेले बॅरिस्टर, क्वीन्स कौन्सेल. १९७७ मध्ये ‘गे न्यूज’ या नियतकालिकावर धर्मनिंदेचा खटला चालला, त्यात फिर्यादी मेरी व्हाइटहाउस यांची बाजू मांडणारे वकील हेच. रविवारी जवळच्या विंचेस्टर कॉलेज या नामांकित निवासी शाळेतली मुलं त्यांच्याकडे जेवायला यायची. घरी बायको, मुलं, भरलेलं टेबल. जेवण झाल्यावर एखाद्याला बाजूला घेऊन स्माइथ त्याच्याकडून त्याची ‘पापं’ वदवून घ्यायचे: मनात आलेली वासना, अंगात आलेला गर्व. मग त्याला शेडमध्ये नेऊन उघड्या अंगावर वेताने मारायचे. रक्त कपड्यांना लागू नये म्हणून मोठ्या माणसांचे लंगोट तिथे तयार ठेवलेले असत.

ही मुलं त्यांना भेटली ती शिबिरांतून. १९३० च्या दशकात एरिक नॅश नावाच्या धर्मगुरूने इंग्लंडच्या उच्चभ्रू निवासी शाळांतल्या मुलांसाठी ख्रिस्ती सुट्टी-शिबिरं सुरू केली. डॉर्सेटमधल्या युअर्न मिन्स्टर गावी ती भरत, म्हणून नाव ‘युअर्न कॅम्प’. उद्या देश चालवणारी मुलं आजच श्रद्धेकडे वळवावीत, असा सरळ हेतू होता. जॉन स्टॉट यांच्यासारखे जगभर वाचले गेलेले धर्मोपदेशक नॅश यांच्याच तालमीत तयार झाले. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू, झालेले जस्टिन वेल्बी सत्तरच्या दशकात याच शिबिरांत स्वयंसेवक होते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून या शिबिरांच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते जॉन स्माइथ.

म्हणजे मुलाला तिथे पाठवणाऱ्या आईबापांनी काही निष्काळजीपणा केला, असं म्हणता येत नाही. शाळा उत्तम, शिबिर देवाधर्माचं, माणूस प्रतिष्ठित. आपण आपली मुलं कुठेही पाठवताना याच तीन गोष्टी बघतो.

१९८२ च्या सुरुवातीला या मुलांपैकी एका तरुणाने आत्महत्येचा प्रयत्न केला. तेव्हा शिबिर चालवणाऱ्यांनी केंब्रिजचे धर्मगुरू मार्क रस्टन यांना चौकशी करायला सांगितलं. रस्टन यांनी मुलांना भेटून छोटासा गोपनीय अहवाल लिहिला. त्यात आकडे आहेत. फक्त आठ मुलांना मिळून सुमारे १४ हजार फटके, तेही दोन-चार वर्षांत. त्या काळी इंग्लंडच्या शाळांत वेताची छडी कायदेशीर होती, सरकारी शाळांतून ती १९८७ मध्ये गेली आणि खासगी शाळांतून त्याहूनही बऱ्याच उशिरा. तरीही, छडीची सवय असलेल्या त्या पिढीच्या रस्टन यांना हे शिस्तीचं प्रकरण वाटलं नाही. शारीरिक इजेबद्दलच्या १८६१ च्या कायद्याप्रमाणे हे गुन्हे आहेत, असं त्यांनी त्याच अहवालात नोंदवलं आहे.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे. शिबिर चालवणाऱ्यांना कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, लिहून झालं होतं, कायद्याचं कलमही माहीत होतं. तो कागद मोजक्या विश्वासू माणसांत फिरला आणि बंद झाला. पोलिसांकडे कोणी गेलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही त्याच वर्षी समजलं. त्यांनी स्माइथ यांच्याकडून शाळेच्या मुलांपासून लांब राहण्याचं लेखी वचन घेतलं आणि विषय मिटवला. काही पालकांनीही पोलीस नकोत म्हटलं, आपल्या मुलाला पुन्हा सगळं सांगावं लागेल म्हणून. त्या आईबापांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण शिबिराच्या वरिष्ठांचं काय? हे बाहेर फुटलं तर देवाच्या कामाचं नुकसान होईल, अशी त्यांची समजूत होती, आणि ती त्यांनी पुढे बोलूनही दाखवली. आपल्याकडे याला ‘घरातलं घरात’ म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत कोणाचं पोर चिरडतंय, हे बघायला मूठ उघडावी लागते.

१९८४ मध्ये स्माइथ सहकुटुंब झिंबाब्वेला गेले. तिथे त्यांनी मुलांसाठी शिबिरं सुरू केली, तीच पद्धत आणि तेच बोलणं. वेताच्या जागी टेबल टेनिसची बॅट आली. मुलांना नागवं पोहायला, नागवं आंघोळीला लावणं हा शिबिराचा नेम होता. डिसेंबर १९९२ मध्ये मारोंडेराजवळच्या एका शाळेत भरलेल्या शिबिरात सोळा वर्षांचा एक मुलगा पोहण्याच्या तलावात मृत सापडला. शिबिराला येऊन त्याला जेमतेम काही तास झाले होते. १९९३ मध्ये बुलावायोचे वकील डेव्हिड कोल्टार्ट यांनी या शिबिरांची चौकशी करून अहवाल लिहिला, शाळांना सावध केलं. पुढे स्माइथ यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटलाही उभा राहिला, पण तो शेवटास गेला नाही. २००१ च्या सुमारास ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिले.

१९८२ मध्ये एका माणसाने पोलीस ठाण्याची पायरी चढली असती, तर तो मुलगा आज पन्नाशीच्या आसपास असता. मी हे वाक्य लिहून दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं, कारण हिशोब खरा आहे.

२०१२ मध्ये इंग्लंडमधल्या एका पीडिताने पुन्हा तोंड उघडलं. २०१३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या अगदी वरच्या पातळीपर्यंत हे पोहोचलं. नव्याने आर्चबिशप झालेल्या वेल्बी यांनाही सांगण्यात आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या बिशपना एक पत्र गेलं. प्रत्येकाने गृहीत धरलं की दुसऱ्या कोणीतरी पोलिसांना रीतसर कळवलं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये चॅनल फोर या वाहिनीने पत्रकार कॅथी न्यूमन यांची बातमी दाखवली तेव्हा कुठे खरा तपास सुरू झाला. रस्टन यांच्या कागदापासून पस्तीस वर्षं. ऑगस्ट २०१८ मध्ये स्माइथ केपटाउनमध्ये मेले. त्यांना कुठल्याही न्यायालयाने कधीच दोषी ठरवलं नाही, कारण ती वेळच येऊ दिली गेली नाही.

चर्चने या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या कीथ मेकिन यांचा अडीचशेहून अधिक पानांचा अहवाल ७ नोव्हेंबर २०२४ ला बाहेर आला. इंग्लंडमध्ये पंचवीस-तीस आणि आफ्रिकेत, मुख्यतः झिंबाब्वेत, ८५ ते १०० मुलं बळी पडली, असा त्यांचा अंदाज. २०१३ मध्ये स्माइथ यांच्याबद्दल पोलिसांना रीतसर कळवता आलं असतं आणि कळवायला हवं होतं, हा निष्कर्ष. पाच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. एवढ्या मोठ्या धर्मपीठाच्या प्रमुखाला मुलांच्या प्रकरणावरून पायउतार व्हावं लागलं, हे तिथल्या चर्चच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

आता कोणी म्हणेल, हा एका विकृत माणसाचा किस्सा. तसं असतं तर बरं झालं असतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या बाललैंगिक शोषणाच्या स्वतंत्र सरकारी चौकशीने ऑक्टोबर २०२० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडवरचा अहवाल दिला. १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत धर्मगुरू किंवा चर्चमधल्या विश्वासाच्या जागेवरच्या ३९० व्यक्ती मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरल्याचं त्यात नोंदलेलं आहे. हे फक्त न्यायालयात सिद्ध झालेले.

त्याहून मला जास्त बोलका वाटतो तो फायलींचा हिशोब. २००७ ते २००९ या काळात चर्चने आपल्या जुन्या फायली तपासल्या. सुमारे ४० हजार फायली चाळून निष्कर्ष निघाला की औपचारिक कारवाई लागेल अशी प्रकरणं तेरा. तेरा! पुढे या मोजणीवरच शंका घेतल्या गेल्या, म्हणून दुसऱ्यांदा तपासणी झाली, आणि या वेळी कागद वाचायला स्वतंत्र तपासनीस बसवले. २०२२ मध्ये तिचा अहवाल आला. ७५,२५३ फायली, आणि ३८३ नवी प्रकरणं. त्यांतली १६८ मुलांची. कपाटं तीच, बरेचसे कागदही तेच, वाचणारे डोळे बदलले.

आज इंग्लंडमधल्या कुठल्याही पॅरिश हॉलमध्ये गेलात तर दाराजवळ एक फलक दिसतो. मुलांबद्दल काही काळजी वाटली तर कोणाला फोन करायचा, त्याचं नाव आणि नंबर, शेजारी मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर. संडे स्कूलला शिकवायला येणाऱ्या आजीबाईंनाही आधी पार्श्वभूमीची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, दोन जणांच्या शिफारशी द्याव्या लागतात, प्रशिक्षण घ्यावं लागतं. २००२ मध्ये सोहम गावात एका शाळेच्या केअरटेकरने दोन मुलींचा खून केला आणि त्याच्यावरचे जुने आरोप नोकरी देताना कोणालाच दिसले नव्हते हे उघड झालं. तपासणीची आजची यंत्रणा त्या धक्क्यातून आली. एकट्या मोठ्या माणसाने मुलांबरोबर राहायचं नाही, किमान दोघं हवेत. चार ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठा माणूस, नऊ ते बाराच्या आठांमागे एक, त्यापुढे दहांमागे एक, हे तिथल्या बालसंस्थांनी घालून दिलेलं प्रमाण. मुलाला गाडीतून एकट्याने सोडायचं नाही. मुलाने काही सांगितलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ऐकायचं, मुलाच्या शब्दांत लिहून काढायचं, त्याच दिवशी पुढे कळवायचं.

हे शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपण मायेपोटी पहिलं काय म्हणतो? ‘तू घाबरू नको, मी कोणाला सांगत नाही.’ आणि तिथेच मुलाचा रस्ता बंद होतो.

पण फलक लावला म्हणजे झालं का? वॉटफर्डमध्ये १९९३ साली सुरू झालेली ‘सोल सर्व्हायव्हर’ ही तरुणांची ख्रिस्ती चळवळ, हजारो मुलं तिच्या उन्हाळी महोत्सवांना जायची. तिच्या संस्थापकाने सत्तेचा गैरवापर केला, तरुण कार्यकर्त्यांना मसाज आणि कुस्तीच्या नावाखाली अयोग्य वागवलं, असं २०२३ मध्ये चर्चच्याच चौकशीने मान्य केलं. तोपर्यंत नियमांच्या पुस्तिका छापून कित्येक वर्षं झाली होती. लोकप्रिय माणसाबद्दल बोलायचं कसं, हे पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

म्हणून पीडितांची मागणी एकच आहे: चर्चच्या तक्रारी चर्चने तपासू नयेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चर्चच्या सर्वोच्च सभेपुढे ती आली. अशा तक्रारी बघणारे राष्ट्रीय पातळीवरचे कर्मचारी बाहेरच्या संस्थेकडे देण्याच्या दिशेने सभा गेली, पण संपूर्ण यंत्रणा स्वतंत्र करायला लगेच तयार झाली नाही. मला ही चूक वाटते. आणि तिथे अशा गोष्टी पोलिसांना कळवणं कायद्याने सक्तीचं करण्याचं विधेयकही २०२५ मध्येच संसदेपुढे आलं.

या एका बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत. आपला पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, लागू झाला. त्याचं कलम १९ सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतल्या माणसाने त्याच संस्थेतल्या मुलावर अत्याचार केला, तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. मुंबईत शिवाजीनगरच्या एका चर्चमध्ये २०१५ साली तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार झाला, त्यात डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने धर्मगुरूला जन्मठेप दिली. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला, आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं.

कायदा आहे, पण त्याची खबर गावागावांत पोहोचलेली नाही. वसईच्या चर्चमधलं युवा शिबिर असो, वारकरी संस्थेतलं बालसंस्कार शिबिर असो, मदरसा असो की क्रिकेटची अकादमी, ‘आपलाच माणूस आहे हो’ या चार शब्दांवर मुलं रात्रभर सोपवली जातात. दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर ठरवताना जेवण काय आणि फी किती हे आपण विचारतो. रात्री मुलांच्या खोलीशेजारी कोण झोपणार, त्यांच्यासोबत किमान दोन मोठी माणसं असणार का, आणि काही झालं तर तक्रार संस्थेबाहेर कोणाकडे करायची, हेही विचारा. उत्तर देताना आयोजक रागावला, तर मूल घरी ठेवा.

आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलाला पाठ करायला लावा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, आणि तो फिरवायला मोठ्यांची परवानगी लागत नाही.