पाणी स्वच्छ तर रोजी शाबूत

व्यापाराच्या पानावर पाण्याचा विषय कशासाठी, असे आमचे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. कारागिराचे खरे भांडवल म्हणजे त्याचे हात आणि त्याची तब्येत, आणि तब्येत बिघडते ती बहुधा पाण्यामुळे. घरदार सोडून परक्या गावी आलेल्याला तर हे अधिकच लागू पडते.

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे शहरच मुळी बाहेरून आलेल्यांनी उभे केले. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनला पोहोचला होता. हिमरू विणणाऱ्यांचे पूर्वज महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा आले, असे सांगतात. बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या घुजदुवानहून आले. नव्याने आलेल्यांना आणि आधीपासून राहणाऱ्यांना एकत्र नांदायचे, तर आधी पाणी हवे, हे अंबरने ओळखले. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून निव्वळ उतारावर शहरात आणले. गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी वरून उतरण्याची तोंडे ठेवली. पुढे पाणचक्कीवर अशाच पाण्याच्या धारेने जाते फिरू लागले आणि फकीर, मुसाफिर व फौजेसाठी पीठ दळले गेले. एकाच पाण्याने तहानही भागली आणि कामही झाले.

पाणी आणि धंदा यांचा हा संबंध आजही तुटलेला नाही. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट फेसाळत नाही, रंग एकसारखा बसत नाही. रंगारी, धोबी आणि खाणावळवाला यांचा माल पाण्यावरच ठरतो.

आता बाहेरचे उदाहरण पाहा. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून तेच आजाऱ्यांना पाजले. पाजण्याचे काम घरच्या माणसांनी केले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले.

२०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले, तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला. भार नुसता छावणीवर पडत नाही. गावच्या विहिरीवर, मजुरीच्या दरावर आणि बाजारभावावरही पडतो. नळ फक्त आलेल्यांना दिला तर गाववाले नाराज होतात, आणि फक्त गाववाल्यांना दिला तर रोगराई छावणीतून गावात येते. म्हणूनच १७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केलेल्या निर्वासितविषयक करारात आश्रय देणाऱ्या देशांचा भार हलका करणे आणि निर्वासितांना स्वतःच्या पायावर उभे करणे, ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र ठेवली आहेत.

आमच्याकडे निर्वासितांची छावणी नाही, पण दुष्काळाने गाव सोडून आलेली कुटुंबे आहेत. शहराच्या कडेच्या वस्त्यांत ती आणि जुने रहिवासी एकाच टँकरची वाट पाहत आले आहेत. १२ डिसेंबर २०२० रोजी १६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचे भूमिपूजन झाले, तरी त्यानंतरही कित्येक उन्हाळे ड्रम आणि जार यांवरच निघाले.

व्यापारी बांधवांनी एक साधा हिशेब करावा. समजा, कारागिराची मजुरी रोज पाचशे रुपये आहे आणि जुलाबाने तो चार दिवस घरी राहिला. त्याचे दोन हजार गेले, औषधाचा खर्च वेगळा, आणि तुमचा माल वेळेवर गेला नाही तो आणखी वेगळा. त्यापुढे झाकणाच्या टाकीचा खर्च काहीच नाही.

करण्यासारख्या गोष्टी अशा. कारखान्यातील पिण्याचे पाणी झाकून ठेवावे आणि ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. टाकी ठरलेल्या दिवशी धुवावी आणि शंका असेल तेव्हा पाणी उकळावे. जुलाब सुरू होताच एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. लहान मूल सुस्त झाले तर दवाखाना गाठावा. आपत्तीच्या वेळीही माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी आणि अडीचशे माणसांमागे एक नळ हवा, असे जगभरच्या मदत संस्था मानतात. आपल्या मोहल्ल्याला इतके तरी मिळते का, हे मोजून नगरसेवकापुढे अर्ज ठेवावा. अर्जावर नव्या आणि जुन्या, दोन्ही वस्त्यांच्या सह्या असाव्यात.

काल आलेला माणूस आज मजूर असतो, उद्या कारागीर होतो आणि परवा तुमचे गिऱ्हाईक. त्याची तब्येत टिकली तर बाजार टिकतो. अंबरची नहर आज ठिकठिकाणी बुजली आहे, पण तिच्यामागचा हिशेब अजून खरा आहे.